जुन्या गाडीचा मुका हॉर्न

हॉर्न वाजेनासा झाला की बहुतेक जण थेट स्पेअर पार्ट्सचं दुकान गाठतात आणि नवा हॉर्न घेऊन येतात. तो बसवल्यावर कधी वाजतो, कधी वाजत नाही. वाजला तरी पहिल्या पावसात त्याचा आवाज बसतो. जुन्या गाडीत पुष्कळदा दोष हॉर्नमध्ये नसतोच. बॅटरीपासून हॉर्नपर्यंत आणि हॉर्नपासून परत बॅटरीपर्यंत करंट ज्या वाटेने फिरतो, त्या वाटेत तो असतो. ही वाट न तपासता नवा हॉर्न लावला तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसिडर, मारुती ८०० या गाड्या आता कारखान्यातून बाहेर पडत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी शतक बदलताना थांबली; ॲम्बॅसिडर आणि मारुती ८०० या दोघींचं उत्पादन २०१४ मध्ये संपलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण घरोघरी जपून ठेवलेल्या गाड्या अजून आहेत आणि त्या घाटातून जातात. वरंधा किंवा आंबा घाटाच्या आंधळ्या वळणावर, धुक्यात, समोरून येणाऱ्याला सावध करायला हॉर्नशिवाय दुसरं साधन नाही. म्हणून हॉर्नची तक्रार 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणून मागे टाकू नये. या गाड्यांत हॉर्नची वाट साधी आणि उघडी आहे. तिच्यात संगणक नाही, सेन्सर नाही. एक बल्ब, दोन-तीन वायरीचे तुकडे आणि सबुरी एवढ्यावर घरच्या घरी तपासणी होते.

आधी हॉर्नच्या आत काय घडतं ते पाहू. डब्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यासमोर लोखंडाचा छोटा दट्ट्या असतो आणि तो पोलादाच्या पातळ, लवचिक पत्र्याला जोडलेला असतो. हा पत्रा म्हणजे डायाफ्राम. गुंडाळीकडे जाणारा करंट दोन बारीक पॉइंटांमधून जातो. बटण दाबलं की गुंडाळीचा चुंबक होतो, दट्ट्या आत ओढला जातो आणि पत्रा वाकतो. पण आत जाता जाता तोच दट्ट्या पॉइंट उघडतो. करंट तुटतो, चुंबकाची ओढ संपते, पत्रा आपल्या ताणाने बाहेर येतो आणि पॉइंट पुन्हा मिटतात. शाळेच्या प्रयोगशाळेतली विजेची घंटा याच तत्त्वावर वाजते. हॉर्नमध्ये मात्र हे उघडणं-मिटणं सेकंदाला साडेतीनशे-चारशे वेळा होतं, म्हणून आपल्याला सलग सूर ऐकू येतो. दर वेळी करंट तुटताना ठिणगी पडते आणि तिने पॉइंट जळू नयेत म्हणून आत एक रेझिस्टन्स किंवा कंडेन्सर बसवलेला असतो.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात विजेच्या हॉर्नची घडण वेगळी होती. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीस हचिसनचा 'क्लॅक्सन' गाजला. त्यात छोटी मोटर एक दातेरी चाक फिरवायची आणि ते दाते पत्र्यावरच्या उंचवट्याला घासत जायचे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र तयार करणाराही हाच हचिसन. १९२१ मध्ये बॉश कंपनीने आपला हॉर्न बाजारात आणला. गुंडाळी, पत्रा आणि पॉइंट ही रचना पुढे इतकी रुळली की तुमच्या गाडीच्या जाळीमागचा हॉर्नही तशाच जातीचा आहे.

आता वाट. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायर फ्यूजकडे आणि तिथून हॉर्नकडे येते. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नच्या एका टोकाला करंट आधीच येऊन थांबलेला असतो. दुसऱ्या टोकाची वायर स्टिअरिंगच्या नळीतून वर बटणापर्यंत जाते. बटण दाबलं की ती वायर गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला टेकते आणि फेरा पूर्ण होतो. बटण करंट पाठवत नाही, तो परत जायची वाट उघडतं. हे नीट लक्षात ठेवलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. काही गाड्यांत मध्ये रिले असतो. तिथे बटण फक्त रिलेला जागं करतं आणि हॉर्नचा मोठा करंट रिलेमधून जातो. काही गाड्यांत हॉर्नला एकच वायर असते आणि अर्थ त्याच्या पट्टीतून, बोल्टमधून मिळतो. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते बॉनेट उघडून वायरी मोजल्या की कळतं.

तपासणीआधी एक हिशेब समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. दोन हॉर्नची जोडी १२ व्होल्टवर साधारण ८ ॲम्पिअर करंट घेते. समजा वाटेतल्या एका गंजलेल्या जोडावर फक्त अर्धा ओहम अडथळा तयार झाला. तिथे पाच वॉटचा छोटा बल्ब लावून पाहिला तर तो जेमतेम ०.४ ॲम्पिअर घेतो, त्यामुळे त्या जोडावर ०.२ व्होल्टच खर्च होतात. बल्बला पावणेबारा व्होल्ट मिळतात आणि तो झगझगीत पेटतो. आपण म्हणतो, करंट तर येतोय. हॉर्नची जोडी त्याच जोडातून करंट मागते तेव्हा ढोबळमानाने तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि हॉर्नच्या वाट्याला नऊ उरतात. नऊ व्होल्टवर पत्रा नीट ओढला जात नाही. आवाज घोगरा येतो किंवा नुसतं 'टक्' होतं. मल्टिमीटर तर बल्बपेक्षाही कमी करंट घेतो. बटण न दाबता नुसत्या वायरीवर मीटर लावला तर तोही पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. म्हणून तपासणीसाठी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब वापरावा. होल्डरमध्ये बसवून त्याला हातभर लांब दोन वायरी आणि चिमटे जोडले की टेस्ट लॅम्प तयार झाला. मीटर वापरायचा तर बटण दाबलेलं असतानाच वापरावा.

काम सुरू करताना अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा. बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी पडू देऊ नका, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बॅटरीची तपासणी लगेच उरकते. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर आला असेल तर गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून ते पुन्हा घट्ट करा.

मग फ्यूज. जुन्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या फ्यूजमध्ये तार शाबूत दिसते, पण टोपीखाली किंवा पकडणाऱ्या पट्टीत गंज असतो. फ्यूज काढा, टोकं आणि पट्ट्या दोन्ही घासा, पट्टी सैल असेल तर पक्कडीने जरा आवळून घ्या. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जाड तार घालून वेळ मारून नेऊ नका. हॉर्नकडे येणारी वायर कुठेतरी पत्र्याला टेकते आहे आणि जाड तारेने तो प्रश्न आगीचा होतो.

यानंतर थेट हॉर्नजवळ जा. हॉर्न वाटेच्या साधारण मधोमध असतो आणि तिथे केलेली एक तपासणी अर्धी वाट निर्दोष ठरवते. किल्ली ऑन करा, कारण काही गाड्यांत हॉर्नचा करंट किल्लीतून येतो. टेस्ट लॅम्पचे दोन चिमटे हॉर्नच्या दोन टोकांना लावा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. बल्ब लख्ख पेटला आणि हॉर्न गप्प राहिला, तर वाट ठीक आहे, दोष हॉर्नमध्ये आहे. बल्ब पेटला नाही किंवा मंद पेटला, तर हॉर्न निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. आता बल्बचा एक चिमटा हॉर्नच्या करंटवाल्या टोकाला ठेवा आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर जोडून न्या. दोन वायरींच्या, बिनरिलेच्या हॉर्नला इथे बटण न दाबताच बल्ब पेटायला हवा. लख्ख पेटला तर करंट येण्याची बाजू बरी आहे. मग एका वायरीने हॉर्नचं दुसरं टोक क्षणभर गाडीच्या स्वच्छ घासलेल्या पत्र्याला टेकवा. हॉर्न कडाडून वाजला तर दोष बटणात, स्टिअरिंगमध्ये किंवा त्या वायरीत आहे.

एकच वायर असलेल्या हॉर्नची रीत थोडी वेगळी. बल्बचा एक चिमटा वायरीच्या टोकाला, दुसरा आधी हॉर्नच्या पट्टीला लावून बटण दाबा आणि मग तोच चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी बल्ब जास्त उजळला तर अर्थ कच्चा आहे. गाडीला नवा रंग मारल्यावर हॉर्न बंद पडण्याचं कारण अनेकदा हेच असतं. पट्टीखाली रंगाचा थर बसतो आणि अर्थ तुटतो. बोल्ट काढा, पत्रा चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. इंजिनपासून चासीला आणि बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची जाड पट्टीही एकदा पाहून घ्या. कोकणात, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती पट्टी वरून धड दिसते आणि आतून पिठासारखी झालेली असते.

स्टिअरिंगचं चाक फिरतं आणि गाडी उभीच असते, मग वायर चाकाबरोबर पिळत कशी नाही? कारण तिथे सरकता जोड असतो. चाकाच्या मागे पितळेचं गोल कडं आणि त्याच्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली कार्बनची किंवा पितळेची छोटी कांडी. चाक फिरतं तसं कडं कांडीखालून सरकतं आणि संपर्क टिकून राहतो. वर्षानुवर्षं घासून कांडी झिजते, स्प्रिंग मऊ पडते, कड्यावर जुन्या ग्रीसचा काळा थर चढतो. मग हॉर्न चाक सरळ असताना वाजतो आणि वळवलं की गप्प होतो, किंवा उलट. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मधलं बटण किंवा टोपी हलक्या हाताने उचला, स्प्रिंग आणि वॉशर कोणत्या क्रमाने आहेत याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मगच सुटे करा. कडं बारीक पॉलिश पेपरने पुसा, कांडी आखूड झाली असेल तर बदला. संपर्काच्या जागी जाड ग्रीस भरू नका. आणि हे सगळं एअरबॅग नसलेल्या गाडीपुरतं. चाकात एअरबॅग असेल तर टोपीला हात न लावता गाडी जाणकाराकडे न्यावी.

बटण शेवटी ज्या अर्थला टेकतं तो स्टिअरिंगच्या दांड्याचा असतो. हा दांडा बुशिंग आणि ग्रीस यांतच फिरतो, काही गाड्यांत मध्ये रबरी जोडही असतो. म्हणजे दांड्याला मिळणारा अर्थ मुळातच बेताचा. रबरी जोड असलेल्या गाड्यांत त्याला वळसा घालून एक बारीक लवचिक वायर दिलेली असते, ती तुटलेली किंवा कोणीतरी काढून टाकलेली सापडते. बटण दाबून धरून दांडा आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ सुधारायला हवा.

हॉर्न आपोआप वाजत सुटण्याचा प्रकारही याच भागातला. रात्री सोसायटीत गाडी उभी आहे आणि हॉर्न थांबत नाही. अशा वेळी घाबरून बॅटरी उपटत बसू नका, हॉर्नवरची एक वायर काढा, तो लगेच थांबेल. कारण बहुधा असं, की नळीतून जाणाऱ्या वायरीचं आवरण घासून गेलेलं असतं आणि तार पत्र्याला टेकते. करंट परत जायची वाट बटणाशिवायच उघडते. फ्यूज उडत नाही, कारण करंट हॉर्नमधूनच जातो आणि तो नेहमीएवढाच असतो. अर्थच्या बाजूची वायर टेकली की हॉर्न वाजतो, करंटच्या बाजूची टेकली की फ्यूज उडतो, एवढ्यावरूनही शोधाची दिशा ठरते. उंदरांनी कुरतडलेली वायर हेही नेहमीचं कारण. अशी वायर टेप गुंडाळून वापरू नये, पूर्ण बदलावी आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचं ग्रोमेट घालावं.

हॉर्नमध्येच दोष ठरला तरी तो लगेच टाकू नका. तो काढून बाकावर घ्या, पण मोकळा धरून वाजवू नका, व्हाइसमध्ये त्याची पट्टी पकडा. फ्यूज घातलेल्या वायरीने थेट बॅटरी द्या, एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि कानात बोळे घाला. करंट अजिबात घेत नसेल तर पॉइंट जळलेले आहेत किंवा गुंडाळी तुटली आहे. नुसता 'टक्' आवाज येऊन करंट सलग वाहत असेल तर पॉइंट उघडत नाहीत. हॉर्नच्या मागे रंगाने किंवा लाखेने बंद केलेला एक छोटा स्क्रू असतो, तो पॉइंटांचा. मूळ जागेची खूण करून तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, एका बाजूला फिरवा आणि वाजवून पाहा. नाही तर खुणेवर परत आणून दुसऱ्या बाजूला. सूर मोकळा झाला आणि ॲमीटर डब्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास आला की थांबा आणि स्क्रूवर रंगाचा थेंब सोडा. पत्र्याच्या मधोमध दिसणारा मोठा आटा मात्र हलवू नका. दट्ट्या आणि गुंडाळीतलं अंतर त्याने ठरतं आणि एकदा बिघडलं की घरी परत जुळत नाही.

आवाज बसण्याचं एक कारण विजेशी संबंधित नाही. हॉर्न पातळ पट्ट्यांच्या लवचिक ब्रॅकेटवर टांगलेला असतो, तो मुद्दाम. ती पट्टी हरवल्यावर कोणी हॉर्न थेट जाड लोखंडाला आवळून टाकतं, किंवा ठोकर लागून त्याचा डबा बंपरला टेकतो. मग सगळं धड असूनही तो दबून वाजतो. शंखाच्या आकाराचा हॉर्न असेल तर त्याचं तोंड खाली हवं. वर किंवा थेट पुढे राहिलं तर जुलैत त्यात पाणी साठतं आणि पत्रा गंजतो. धुण्याच्या फवाऱ्यानंतर हॉर्न बसला असेल तर आधी तो काढून, उलटा करून, एक दिवस उन्हात ठेवून पाहा.

बिनरिलेच्या गाडीत मी एक बदल आवर्जून सुचवेन, तो म्हणजे रिले बसवण्याचा. आठ ॲम्पिअर त्या नाजूक कांडीतून आणि बटणातून न्यायचे म्हणजे दर वेळी थोडी ठिणगी, थोडा जळका थर. रिलेला जागं करायला साधारण दोन दशांश ॲम्पिअर किंवा त्याहूनही कमी करंट पुरतो. चार पायांचा साधा रिले घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जवळच १५ ॲम्पिअरचा फ्यूज घालून अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३० क्रमांकाच्या पायावर, ८७ वरून हॉर्नकडे, हॉर्नचं दुसरं टोक थेट घासलेल्या पत्र्याला. ८६ वर हॉर्नची जुनी करंटवाली वायर, ८५ वर बटणाकडे जाणारी. वायरींना थिंबल नीट दाबून लावा आणि रिले पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत उतरणार नाही.

नवा हॉर्न घ्यायचाच असेल तर एक खालच्या आणि एक वरच्या सुराची १२ व्होल्टची जोडी घ्या. ट्रकचा २४ व्होल्टचा हॉर्न कारमध्ये धड वाजत नाही. प्रेशर हॉर्न किंवा सूर बदलणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ मध्ये बसत नाही आणि शहरात तो दुसऱ्यांना जाच आहे. विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवल्यास २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे.

सगळं जोडून झालं की गाडी सुरू करा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट लावा, वायपर लावा आणि मग हॉर्न वाजवून पाहा. चाक पूर्ण डावीकडे नेऊन, मग पूर्ण उजवीकडे नेऊन पुन्हा वाजवा. दोन्ही हॉर्न वाजताहेत ना, हे एकेकाची वायर काढून ऐका. सगळीकडे सूर सारखाच आला तर हत्यारं आवरून बॉनेट लावायला हरकत नाही.